टेबलावरचा नारळ

आमच्या भागात सत्काराला कारण लागत नाही. पोरगी मेडिकलला लागली की सत्कार, तलाठी बदलून आला की सत्कार, तोच तलाठी बदलून गेला की पुन्हा सत्कार, आणि कुणी निवडणुकीत आपटला तर निदान उभा राहिला म्हणून सत्कार. एक शाल, एक नारळ आणि मोबाइल वर धरलेली चार माणसं जमली की कार्यक्रम झाला. पण चूक करणाऱ्याचा सत्कार करायचं लातुरात एकाच माणसाला सुचलं. सुदर्शन भोसीकर त्याचं नाव.

हा मूळचा भोकरचा. पुण्यात मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढली, मग गावाकडची ओढ म्हणा नाहीतर दुसऱ्याच्या हाताखाली राहायचा कंटाळा म्हणा, लातूरला आला आणि औसा रोडवर एका बँकेच्या वरच्या मजल्यावर स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढून बसला. शाळा, शिकवण्या, मुलींची वसतिगृहं यांची हजेरी आणि निकाल सांभाळणारी सॉफ्टवेअर तिथं बनायची. दहा-बारा पोरंपोरी कामाला. माणूस वाईट नव्हता हो. पगार तारखेला करायचा, कुणाच्या घरी आजारपण निघालं तर स्वतःची गाडी द्यायचा. फक्त त्याला चारचौघांत हशा पिकवायची भारी हौस, आणि त्यासाठी दर वेळी दुसऱ्याचंच रान लागायचं.

पहिला मान विनोदला मिळाला. विनोद उमरीचा, हाताखालच्या पोरांत सगळ्यात हुशार. त्याच्या हातून एका शिकवणीच्या निकालात चूक राहिली आणि पहिल्या आलेल्या पोराला नापास दाखवलं गेलं. शिकवणीवाल्यांचा फोन आला, तासाभरात दुरुस्त झालं, प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण सुदर्शननं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, खाली पाठवून शाल-नारळ आणवला आणि पुढाऱ्याच्या आवाजात भाषण ठोकलं. "आपल्या कंपनीचं नाव ज्यांनी घराघरांत पोचवलं, ज्यांच्यामुळे पहिला आलेला पोरगा दिवसभर रडला, असे आपले लाडके विनोदराव!" मग त्यानं पुनमला पुढं बोलावलं. पुनम चुका शोधायच्या कामावर होती, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर जाण्याआधी तपासायची ती. "चूक तुमच्या नजरेतून सुटली, तेव्हा शाल तुमच्याच हातानं," असं म्हणून त्यानं तिला विनोदच्या खांद्यावर शाल घालायला लावली. सगळे हसले. विनोदही हसला, नाहीतर काय करणार होता.

तेव्हापासून कायदा झाला. ज्यानं चूक केली त्याच्या टेबलावर नारळ ठेवायचा आणि दुसऱ्या कुणाची चूक निघेपर्यंत तो तिथंच राहायचा. ज्यानं चूक शोधली त्यानं शाल घालायची. सुदर्शननं विनोदच्या सत्काराचा व्हिडिओ स्वतःच्या स्टेटसला टाकला. विनोदची सोयरीक तेव्हा नुकतीच उदगीरला जमली होती. होणाऱ्या सासऱ्यांनी व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला आणि जावयाला बढती मिळाली असं समजून आनंदानं फोन केला. विनोदनं "हाव जी, हाव जी" करत अभिनंदन घेतलं. त्या दिवशी तो डबा न उघडताच घरी गेला, हे पुनमनं पाहिलं.

नारळ काही दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, आणि मग फिरायचा थांबला. शेवटी परत विनोदकडेच येऊन तो तिथं वाळत पडला. चुका निघायच्याच बंद झाल्या. अकलेचा माणूस असता तर इथं घाबरला असता. वाहतं पाणी अचानक थांबलं तर शेतकरी आधी पाइप बघतो. पण सुदर्शनला वाटलं, शिस्त लागली. त्यानं दारातच फळा लावला, 'या महिन्यातील चुका : शून्य'. नांदेडच्या एका कॉलेजात त्याला भाषणाला बोलावलं, तिथं त्यानं हा फळा फोटोसकट दाखवला आणि म्हणाला, "आमच्याकडे चूक लपत नाही, तिचा आम्ही सत्कार करतो." टाळ्या पडल्या. भाषण झाल्यावर त्याचाही शाल-नारळ देऊन सत्कार झाला, तो खरा.

चुका कुठं गेल्या होत्या? घरचा कर्ता ओरडणारा असला की फुटलेली बरणी जाते तिथंच. खाली चहाच्या गाड्यावर पोरं एकमेकांच्या चुका एकमेकांना हळूच सांगायची आणि वर येऊन गुपचूप दुरुस्त करायची. गुपचूप केलेली दुरुस्ती नीट तपासता येत नाही, कारण तपासायला दिलं की सुदर्शन विचारणार, हे कशाला तपासताय? पुनमचं तर कामच चुका शोधायचं होतं. तिनं चूक शोधली की कुणाच्या तरी खांद्यावर तिच्याच हातानं शाल पडायची. तिनं दोनदा ते केलं. एकदा एक पोरगी शाल अंगावर असतानाच रडायला लागली आणि लोक तिचा व्हिडिओ काढत राहिले. त्यानंतर पुनमला चुका दिसायच्या, पण ती लिहून द्यायची नाही. पगार मात्र घ्यायची. या गोष्टीची तिला लाज वाटायची आणि सवयही झाली होती.

अशात नांदेडच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. काम साधं. संध्याकाळी मुलींनी मशीनवर अंगठा लावायचा. जिचा अंगठा लागणार नाही तिच्या पालकांना मेसेज जाणार, 'आपली पाल्य आज वसतिगृहात हजर नाही.' कापूस वेचून, भांडी घासून ज्यांच्या अंगठ्यावरच्या रेघा झिजल्या असतील त्यांचा अंगठा मशीन घेत नाही, म्हणून वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना हातानं हजेरी लावायची सोय ठेवली होती.

पुनमला त्यातली मेख सापडली. वीज जाऊन परत आली की मशीन स्वतःजवळची हजेरी पुन्हा मुख्य कॉम्प्युटरकडे पाठवायचं आणि बाईंनी हातानं लावलेली हजेरी पुसून टाकायचं. पोरगी खोलीत अभ्यास करत बसलेली असायची आणि तिच्या बापाला मेसेज जायचा की ती नाही. पुनमनं हे दोनदा करून पाहिलं. मग सुदर्शनच्या केबिनपर्यंत गेली. आत तो फोनवर कुणाला तरी फळ्यावरचा शून्य सांगत होता. ती परत फिरली आणि विनोदजवळ गेली, कारण तो भाग विनोदनं लिहिला होता.

विनोद हळूच म्हणाला, "पुनम, लग्नाच्या पत्रिका छापायला दिल्यात. सासरच्यांनी आता दुसरा व्हिडिओ पाहिला ना, तर मला त्यांच्यासमोर उभं राहता यायचं न्हाई. मी करतो काहीतरी. तू लिहू नको." पुनमनं लिहिलं नाही. विनोदनं जेवणाच्या सुट्टीत वरवर काहीतरी केलं, चहाच्या गाड्यावर ते हळूहळू सगळ्यांना कळलं, आणि सॉफ्टवेअर नांदेडला गेलं. जाताना सुदर्शननं पेढे वाटले.

त्या वसतिगृहात सिंधु म्हणून एक मुलगी होती. इस्लापूरजवळच्या गावची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत घरी जाऊन कापूस वेचून आली तेव्हा तिच्या अंगठ्याची सालटं निघाली होती, आणि मशीन काही केल्या तिला ओळखेना. रेक्टरबाई रोज तिची हजेरी हातानं लावायच्या. त्या आठवड्यात नांदेडला वीज जा-ये करत होती. सिंधुचे वडील अण्णाराव यांना एकामागून एक मेसेज गेले की पोरगी वसतिगृहात नाही. पहिल्या मेसेजला त्यांनी तिला फोन केला, ती म्हणाली, "बाबा, मी खोलीतच हाय." दुसऱ्या मेसेजला तेच. तिसऱ्याला त्यांनी फोन केला नाही, सकाळची गाडी धरून नांदेडला आले. नेमक्या रेक्टरबाई रजेवर होत्या. बदलीवरच्या बाईंनी कॉम्प्युटर उघडून दाखवला आणि म्हणाल्या, "मशीन कशाला खोटं बोलंल?" खोलीतल्या मैत्रिणींनी शपथा घेतल्या, पण मैत्रिणी बाजू घेणारच असं अण्णारावांना वाटलं. ते ओरडले नाहीत. सिंधुला एवढंच म्हणाले, "सामान बांध." गावात पोचायच्या आत भावकीला कळलं होतं, आणि दोन दिवसांत किनवटकडचं एक स्थळ बघायला येणार असं ठरलंही. सोमवारपासून सिंधुची प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती बुडली की वर्ष बुडणार होतं, आणि वर्ष बुडाल्यावर तिला परत कुणी पाठवणार नव्हतं.

रेक्टरबाई शुक्रवारी रजेवरून आल्या, त्यांनी सगळं पाहिलं आणि सुदर्शनला फोन लावला. बाई शिव्या देत नव्हत्या, म्हणून ऐकणं जास्त अवघड होतं. "तुमच्या मशीननं एका पोरीच्या अब्रूला हात घातलाय," त्या म्हणाल्या. "मी तिच्या वडिलांना फोन केला. ते म्हणतात, तुम्ही बाया पोरीची बाजू घेता. मशीनवाल्यानं येऊन सांगितलं तर ऐकतो."

सुदर्शननं हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. या वेळी शाल नव्हती.

"ही चूक कुणाला माहीत होती?" त्यानं विचारलं.

मग पुनम म्हणाली, "सगळ्यांना, सर."

"सगळ्यांना? मग मला कामून सांगितलं नाही?" पुण्यात घासून पुसून टाकलेलं भोकर रागात त्याच्या तोंडात परत आलं.

दोघा-तिघांची नजर विनोदच्या टेबलाकडे गेली. तिथं नारळ होता, वाळून हलका झालेला, धूळ बसलेला. सुदर्शननंही तिकडं पाहिलं. त्याला समजलं, आणि समजलं म्हणूनच तो जास्त भडकला. लाजेला जागा मिळाली नाही की ती रागाच्या दारानं बाहेर पडते. त्यानं विनोदच्या खुर्चीमागं उभं राहून सांगितलं, "संध्याकाळच्या आत हे दुरुस्त झालेलं पाहिजे. मला 'झालं' एवढंच ऐकायचंय." संध्याकाळी विनोद म्हणाला, "झालं, सर." सुदर्शनला बरं वाटलं.

रविवारी सकाळी तो पुनमला घेऊन निघाला. एकट्यानं जायची हिंमत नव्हती, आणि मशीनचं कुणी काही विचारलं तर ती सांगेल असं त्यानं स्वतःला समजावलं. अहमदपूर, लोहा, नांदेड मागं पडलं. भोकरला स्वतःच्या घराच्या वळणावर त्यानं गाडी हळू केली आणि मग न थांबता पुढं काढली. आईनं विचारलं असतं, कुठं चाललास? काय सांगणार होता? हिमायतनगर येईपर्यंत तो मनात वाक्यं जुळवत होता. 'तांत्रिक अडचण' हा शब्द त्याला सगळ्यात बरा वाटला, कारण त्यात माणूस नव्हता.

अण्णारावांच्या अंगणात सतरंजी टाकलेली होती. भावकीतली माणसं बसली होती, दुपारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं. अण्णाराव उठून पुढं आले. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा सांगितला. मग म्हणाले, "साहेब, मशीन तुमची हाय मनून तुमाला तरास दिला. ह्या बाया खरं बोलून राहिल्या का पोरीला झाकून राहिल्या, मला कसं मालूम व्हावं?"

"तुमची मुलगी वसतिगृहातच होती," सुदर्शन म्हणाला. "तांत्रिक अडचण आली होती."

अण्णारावांचे थोरले चुलतभाऊ हणमंतराव बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "अडचण कुणाला आली जी? तुमाला का आमाला?"

दोघं-चौघं हसले. हसणाऱ्यांच्या मधोमध उभं राहिल्यावर कसं वाटतं, हे सुदर्शनला बऱ्याच वर्षांनी कळत होतं.

तेवढ्यात सिंधु दारात आली. पाहुण्यांसाठी तिला साडी नेसवली होती, आणि ती तिच्या अंगावर परक्याची वाटत होती. तिची आई चांगुणाबाई मागून पदर धरून ओढत होती, पण ती हलली नाही. ती सुदर्शनकडे न पाहता पुनमकडे पाहून म्हणाली, "तुमच्या हापिसात कुणालाच मालूम नव्हतं का?"

पुनमनं मान खाली घातली. सुदर्शनला 'नव्हतं' म्हणता आलं असतं. कुणी तपासणार नव्हतं, आणि पोरगी निर्दोष ठरायला तेवढं पुरलं असतं. पण तिच्या त्या साडीकडं पाहून त्याला ते जमलं नाही.

"मालूम होतं," तो म्हणाला. "सगळ्यांना होतं. मलाच नव्हतं."

"तुमालाच कसं नव्हतं?" हणमंतरावांनी विचारलं. या वेळी थट्टा नव्हती, त्यांना खरंच समजलं नव्हतं. "मालक तुमी, का दुसरं कुणी?"

"मालक मीच. माझ्या भेवानं कुणी सांगितलं नाही." सुदर्शन म्हणाला. "चूक झाली की मी माणसाची चारचौघांत इज्जत काढतो. मग लोक चूक सांगत नाहीत, झाकतात. ही पण झाकली. मशीनचा दोष नाही, पोरीचा तर नाहीच. दोष माझा आहे."

"इज्जत काढता म्हंजे? शिव्या देता?" हणमंतरावांनी विचारलं.

"तसंच काहीतरी," सुदर्शन म्हणाला. शाल-नारळाचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण या माणसांसमोर ते सांगायला त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं पुढं म्हणाला, "आता दुरुस्त झालंय. परत असं होणार नाही."

अण्णाराव उठले आणि घरात गेले. आत पेटी उघडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात उपरण्यासारखी नवी कोरी दस्ती, पांढरी टोपी आणि नारळ होता. दुपारच्या पाहुण्यांसाठी आणून ठेवलेला मान होता तो.

"साहेब, उभं राहा," ते म्हणाले.

"नको, नको," सुदर्शन मागं सरकला.

"नको कसं? आमच्या दारात मोठी माणसं येतेत, मत मागायला येतेत, जमीन मागायला येतेत. माझं चुकलं मनायला आजपत्तुर कुणी आलेलं न्हाई." त्यांनी टोपी सुदर्शनच्या डोक्यावर ठेवली, दस्ती खांद्यावर घातली, नारळ त्याच्या ओंजळीत दिला आणि वाकून पायाला हात लावायला गेले. सुदर्शननं त्यांना मधेच धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी मोबाइल वर धरला. पुनम अंगणाच्या कडेला जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिला तिच्या हातानं घातलेल्या सगळ्या शाली आठवल्या. सुदर्शनला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. ज्यांनी त्याच्याकडून असा नारळ घेतला होता ते असेच उभे राहिले असतील, हसत, दोन्ही हात अडकलेले.

टाळ्या थांबल्यावर सिंधु बापाला म्हणाली, "बाबा, मी सांगितलं. खोलीतल्या पोरींनी शपथ घिऊन सांगितलं. रेक्टरबाईंनी फोन करून सांगितलं. तवा खरं वाटलं न्हाई. ह्या सरांनी सांगितल्यावरच खरं झालं व्हय?"

अण्णाराव तिच्याकडं पाहत राहिले. सगळी भावकी बघत होती. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "चुकलं माय माझं."

तीन शब्दांत काम झालं. भाषण नाही, 'अडचण' नाही. सुदर्शननं आयुष्यात हे इतक्या सहज म्हटलेलं ऐकलं नव्हतं, आणि त्याला आपल्या आत्ताच्या लांबलचक कबुलीचीही लाज वाटली. हणमंतरावांनी खिशातून मोबाइल काढला आणि किनवटच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं. "पोरीची परीक्षा हाय," ते म्हणाले, आणि वर पुन्हा, "पोरगी बराबर हाय आमची," एवढं जोडलं.

सिंधुनं साडी सोडून ड्रेस घातला, बॅग भरली. नांदेडपर्यंत तिला याच गाडीतून न्यायचं ठरलं. चांगुणाबाईंनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला, गाडीवाल्या साहेबांसाठीही वेगळा. सुदर्शननं गाडी काढली तेव्हा टोपी त्याच्या डोक्यावरच होती, अंगणात काढणं बरं दिसलं नसतं. नारळ शेजारच्या सीटवर होता. पुनम आणि सिंधु मागं बसल्या.

गाडी सहस्रकुंडाच्या फाट्याला आली. मग सिंधु म्हणाली, "सर, आज नांदेडला लाईट गेली आन् परत आली, तर बाबांला मेसेज जाईल का?"

"नाही. दुरुस्त झालंय."

मग मागून पुनमचा आवाज आला. "जाईल, सर."

सुदर्शनच्या तोंडात वाक्य तयारच होतं. इतक्या दिवसांची सवय, ते आपोआप आलं, 'वा पुनम मॅडम, आता तुमचाही सत्कार ठेवू या.' ओठांपर्यंत आलेलं त्यानं गिळलं. शेजारी नारळ होता. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

"का जाईल?" त्यानं विचारलं. आवाज साधा ठेवायला त्याला जड गेलं.

"वीज लगेच आली तर नाही जाणार. जास्त वेळ गेली तर जाईल. तेवढं तपासायला वेळ लागतो, आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत मागितलं. विनोद 'झालं' म्हणाला, कारण तुम्हाला तेवढंच ऐकायचं होतं." ती थांबली. "मला शुक्रवारीच माहीत होतं. मी तेव्हाही बोलले नाही. अंगणात तुम्ही दुरुस्त झालं म्हणालात, तेव्हाही नाही."

सुदर्शननं फोन स्पीकरवर ठेवून विनोदला लावला. "विनोद, नांदेडचं झालंय का?"

"झालंय, सर," पलीकडून लगेच आलं.

"झालेलं नाही हे मला माहीत आहे. मी ओरडत नाही. फक्त झालं नाही, असं सांग."

पलीकडं बराच वेळ नुसता रविवार ऐकू येत होता, कुणाची तरी पोरं, कुकरची शिट्टी. मग विनोद म्हणाला, "न्हाई झालं, सर. मला आजून दोन-तीन दिवस लागतेत."

"घे. आधी सगळ्या वसतिगृहांचे मेसेज बंद कर. आत्ता. आणि माझं नाव सांगून रेक्टरबाईंना कळव, तोवर हजेरी त्यांनी डोळ्यांनी घ्यावी." त्याला आणखी काही म्हणायचं होतं. बरं झालं सांगितलंस, असं काहीतरी. ते निघालं नाही. त्याला त्या शब्दांची सवयच नव्हती. त्यानं फोन ठेवला.

आरशात त्याला सिंधु दिसत होती. ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. ती त्याच्या डोक्यावरच्या टोपीकडं बघत होती.

"मंग माझ्या बाबांनी ह्यो मान कशाचा केला?" ती म्हणाली.

मेसेज आता बंद होणार होते, मुलगी परीक्षेला चालली होती, खोटं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. सरळ नांदेडला जाता आलं असतं. पण अण्णाराव ज्या माणसाच्या पाया पडायला निघाले होते तो माणूस त्यांना तेव्हाही अर्धंच सांगत होता. शालीचं लपवलं होतं ते वेगळंच. सुदर्शननं डोक्यावरची टोपी काढली, घडी घालून नारळाशेजारी ठेवली, आणि गाडी मागं वळवली.

"तिथं मी अडखळलो तर तू सांग," तो पुनमला म्हणाला.

"सांगते," ती म्हणाली. आज ती 'सर' म्हणायचं विसरली, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं.

अंगणात माणसं अजून बसलेलीच होती. चुलीवरचं पातेलं उतरवून लोकांनी ताटं घेतली होती. गाडी परत आलेली पाहून अण्णाराव हात धुऊन पुढं आले. पोरगी काही विसरली असंच त्यांना वाटलं.

"काय राहिलं जी, साहेब?"

सुदर्शन दोन्ही हातांत नारळ धरून खाली उतरला.

"सांगायचं राहिलं," तो म्हणाला.